एका गोठ्यातली दोन औषधं: गिधाडं का ढासळली आणि जिवाणू का तरले

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडं मोजली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हे पक्षी अभ्यासक तेव्हा शिकारी पक्ष्यांवर काम करत होते. त्या काळात उद्यानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. १९९६ च्या सुमारास ते पुन्हा तिथे गेले, तेव्हा निम्म्याहून कमी घरटी उरली होती. मेलेली गिधाडं फांद्यांत अडकून लटकत होती, काही झाडाखाली पडलेली होती. जी जिवंत होती त्यांतली बरीच मान खाली टाकून तासन्‌तास बसून राहायची. पुढच्या काही वर्षांत तिथलं घरटं नि घरटं रिकामं झालं.

त्या टाकलेल्या मानेबद्दल आधीच सांगून ठेवतो. ती सुरुवातीला आजाराची खूण मानली गेली. पुढे बारकाईने पाहिल्यावर लक्षात आलं, की उन्हाच्या तापानेही गिधाडं अशीच मान टाकून बसतात आणि मान टाकणारं प्रत्येक गिधाड मरतं असं नाही. डोळ्यांना सगळ्यात ठळक दिसणारी खूण अशी भरवशाची ठरली नाही. शोध बराच काळ भलत्या दिशेला जाण्याची ही सुरुवात होती.

मग देशभर रस्त्यांवरून मोजणी झाली. १९९१-९३ मध्ये ज्या रस्त्यांवर गिधाडं मोजली होती, त्याच रस्त्यांवर २००० पासून पुन्हा पुन्हा गाडी फिरवून मोजली. २००७ पर्यंतचं चित्र असं होतं: पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे जिथे पूर्वी हजार दिसत, तिथे एक. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची मिळून सुमारे ९७ टक्के घट. तिन्ही जाती पार नामशेष झाल्या नाहीत, हे खरं. पण 'अत्यंत संकटग्रस्त' ही नामशेष होण्याच्या अलीकडची शेवटची पायरी असते, आणि त्या पायरीवर त्या दहा-पंधरा वर्षांत येऊन उभ्या राहिल्या. ज्या पक्ष्याची गणती एके काळी लाखांच्याही पुढे होती, त्याची ही गत.

हे प्रकरण मी शिकवतो ते गिधाडांसाठी तर आहेच, पण प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू समजावून सांगायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. गंमत अशी की गिधाडांना मारणारं औषध प्रतिजैविक नव्हतंच.

कारण सापडलं ते कुठे

आधी संशय विषाणूवर होता. मरण एका वसाहतीतून दुसरीकडे सरकतंय असं वाटत होतं, त्यामुळे साथ असणार हा अंदाज साहजिक होता. कीटकनाशकं, जड धातू यांच्याही तपासण्या झाल्या. काहीच जुळेना.

लिंडसे ओक्स हे वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे पशुवैद्यक आणि त्यांचे सहकारी पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेली गिधाडं गोळा करत होते. शवविच्छेदनात एकच दृश्य परत परत समोर येत होतं. पोट उघडलं की यकृतावर, हृदयाच्या आवरणावर, मूत्रपिंडांवर खडूची भुकटी शिंपडावी तसा पांढरा थर. पक्ष्याच्या विष्ठेत जो पांढरा भाग असतो ना, तोच पदार्थ: युरिक आम्ल. मूत्रपिंडं ते रक्तातून गाळून बाहेर टाकतात. ती बंद पडली की युरिक आम्ल रक्तात साचत जातं आणि शेवटी त्याचे स्फटिक थेट अवयवांवर बसतात. तपासलेल्या २५९ प्रौढ आणि जवळपास प्रौढ गिधाडांपैकी ८५ टक्क्यांमध्ये हा थर होता.

या टप्प्यावर त्यांनी प्रश्न बदलला, आणि माझ्या मते साऱ्या तपासातली सर्वांत मोलाची पायरी हीच. गिधाडाला काय झालंय, हे विचारणं थांबवून त्यांनी विचारलं, की गिधाड खातं काय? गिधाड मेलेली गुरं खातं. मग मरण्याआधी गुरांच्या पोटात काय जातं? गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषध विक्रेत्यांकडे चौकशी केली. मूत्रपिंडाला घातक, पोटातून शोषलं जाणारं आणि त्या भागात सर्रास विकलं जाणारं असं एकच औषध निघालं: डायक्लोफेनॅक. माणसं सांधेदुखीवर घेतात तेच. १९९० च्या दशकात ते गुरांसाठीही स्वस्तात मिळू लागलं होतं.

पडताळा स्वच्छ होता. युरिक आम्लाचा थर असलेल्या २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत हे औषध सापडलं, पंचवीसच्या पंचवीस. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांत एकातही नाही. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊ घातल्यावर २० पैकी १३ गिधाडं त्याच पांढऱ्या थरासह मेली. २००४ मध्ये हे 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं.

सातशे साठांतलं एक

डायक्लोफेनॅक गाईच्या शरीरात काही दिवसच टिकतं. म्हणजे इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन दिवसांत जी गाय मरेल, तिचंच मांस घातक. अशी कितीशी जनावरं असणार? सहकाऱ्यांसह पक्षी-संवर्धन शास्त्रज्ञ रीस ग्रीन यांनी हाच हिशेब मांडला, आणि उत्तर पाहून मी पहिल्यांदा आकडा चुकून छापलाय की काय असं समजलो होतो. गिधाडांना मिळणाऱ्या मृत जनावरांपैकी ७६० मध्ये एक ते १३० मध्ये एक इतकी जरी विषारी असली, तरी दिसलेली सगळी घसरण त्यातून होऊ शकते.

कारण गिधाडाच्या खाण्याच्या रीतीत आहे. एका ढोरावर डझनावारी गिधाडं उतरतात आणि तासाभरात हाडं उघडी पाडतात. एक विषारी ढोर म्हणजे एक मेलेलं गिधाड नव्हे, सगळी पंगतच मेली. पुढे भारतात प्रत्यक्ष नमुने तपासले तेव्हा सुमारे दहा टक्के मृत जनावरांमध्ये डायक्लोफेनॅक निघालं. गरज होती त्याच्या कितीतरी पट.

गिधाडं गेल्यावर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळं लिहायला हवं. ढोरं उघड्यावर कुजू लागली, कुत्री वाढली, पाणवठे नासले. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी जिल्हावार मृत्यूंची आकडेवारी लावून अंदाज काढला: २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी भारतात वर्षाला एक लाखाच्या आसपास माणसं जास्तीची मेली. हा अंदाज आहे, शिरगणती नाही. पण निम्म्याने धरला तरी तो अंगावर येतो.

"मग गिधाडांना सवय का नाही झाली?"

वर्गात हा प्रश्न हमखास येतो. मुलांनी नुकतंच वाचलेलं असतं, की औषधं जास्त वापरली की जिवाणूंना त्यांची सवय होते. जिवाणूंना होते तर गिधाडांना का नाही? गिधाडं तर कुजलेलं मांस पचवणारी, पोटात जळजळीत आम्ल बाळगणारी. मला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्याच्या उत्तरात सगळं आहे. आणि उत्तराची सुरुवात 'सवय' हा शब्द खोडण्यापासून करावी लागते.

जिवाणूंना सवय होत नाही. हे १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं आणि १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी चक्क मखमलीच्या तुकड्याने. जिवाणूंच्या शेकडो वसाहती वाढलेली एक बशी त्यांनी घेतली. गोल ठोकळ्यावर ताणून बसवलेलं निर्जंतुक मखमल त्या बशीवर अलगद दाबलं. मखमलीच्या लवेवर प्रत्येक वसाहतीचे थोडे थोडे जिवाणू चिकटले, नेमके जिथल्या तिथे, जसा शिक्क्याला रंग लागतो. मग तोच शिक्का औषध घातलेल्या एकामागून एक बशांवर उमटवला. बहुतेक सगळे जिवाणू मेले. जे थोडके उगवले ते प्रत्येक बशीत त्याच जागी उगवले. मूळ बशीला तर औषध शिवलंही नव्हतं. पण तिच्यात त्याच जागेवरचे जिवाणू उचलून पाहिले, तर त्यांतही दाद न देणारे होते.

म्हणजे औषध येण्याआधीच ते तिथे होते. औषधाने त्यांना घडवलं नाही, फक्त बाकीच्यांना बाजूला केलं. नैसर्गिक निवड म्हणजे एवढंच: जे आहे त्यातून चाळणं. चाळणीत घालायलाच काही नसेल, तर खाली काही पडत नाही.

आता गिधाडांकडे वळू. डायक्लोफेनॅक पचवणारा पक्षी निसर्गात नाही असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या टर्की गिधाडांना आपल्याकडच्या गिधाडांच्या मारक मात्रेच्या शंभरपटीहून जास्त डायक्लोफेनॅक देऊन पाहिलं, त्यांना काही झालं नाही. नावात गिधाड असलं तरी हा पक्षी वेगळ्या कुळातला, त्याची वंशरेषा फार जुन्या काळी वेगळी झालेली. गुण जगात आहे, पण तो आपल्या गिधाडांच्या हाताला लागणार नाही इतक्या दूर आहे.

समजा, निव्वळ समजा, की आपल्या गिधाडांतही दहा लाखांत एकाला असा काही बदल उपजत मिळालेला होता. एक कोटी गिधाडांत असे दहा पक्षी निघाले. सिंधपासून आसामपर्यंत विखुरलेले दहा. त्यांनी एकमेकांना गाठायचं, जोडी जमवायची. पहिलं अंडं घालायला पाचेक वर्षं. वर्षाला एकच अंडं. त्यातलं प्रत्येक पिल्लू जगतंच असं नाही. दुसरीकडे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या त्या काळात दर वर्षी चाळीस टक्क्यांहून जास्त घटत होती. पहिल्या पिल्लाला पंख फुटेपर्यंत वसाहत अर्धी झालेली, ते पिल्लू अंडं घालायच्या वयाला येईपर्यंत वसाहतच उरलेली नाही.

आता तेच दहा जिवाणूंत घ्या. यासाठी एक कोटी मिलिलिटर नकोत, दाट वाढलेल्या द्रवाचा एक मिलिलिटर पुरे. त्यात आतड्यात राहणारे ई. कोलाय जिवाणू अब्जभर सहज असतात. रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा बदल साधारण दहा कोटींत एकात सापडतो, म्हणजे एका मिलिलिटरात दहा. त्यांना जोडीदार शोधायचा नाही. वीस मिनिटांत एकाचे दोन. दहा वेळा दुप्पट झाले की हजारपट, म्हणजे सव्वातीन-साडेतीन तास. वीसेक तास मोकळं रान मिळालं, तर नळीत काही घडलं होतं याचा मागमूसही उरत नाही. नळी पुन्हा गढूळ.

दोन्हीकडे नियम एकच आहे. फरक संख्येचा, पिढीच्या लांबीचा आणि आधीपासून गाठीशी असलेल्या वैविध्याचा. माझं म्हणणं इतकंच, की एका जातीचं नामशेष होणं आणि दुसरीचं प्रतिकारक्षम होणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच शर्यतीचे ते दोन निकाल आहेत. मारणारी गोष्ट पिढ्यांपेक्षा वेगाने धावली की नामशेष, पिढ्या तिच्यापेक्षा वेगाने धावल्या की प्रतिकार.

त्याच गाईच्या पोटात

आजारी गाईला एकच इंजेक्शन क्वचित मिळतं. कासदाह झाला, गोठ्यातल्या भाषेत दगडी झाली, तर सुजेसाठी एक आणि जंतूंसाठी एक अशी दोन औषधं जोडीने दिली जातात. डायक्लोफेनॅकच्या काळात त्या जोडीतलं सुजेचं औषध बऱ्याचदा तेच असे. म्हणजे एकाच जनावराच्या शरीरात एकाच वेळी दोन निवडी चालू होत्या. एक त्या जनावराच्या मरणानंतर आकाशातून उतरणाऱ्यांची, दुसरी त्याच्या आतड्यातल्या अब्जावधींची.

आतड्यातल्यांकडे आणखी एक सोय आहे, आणि टर्की गिधाडाचं उदाहरण मुद्दाम दिलं ते हिच्यासाठी. जिवाणू दुसऱ्या जातीकडून गुण उसना घेऊ शकतात. त्यांच्या मुख्य जनुकसाखळीबाहेर प्लाझ्मिड नावाची छोटी वर्तुळं असतात. शेजारचा जिवाणू आपल्या जातीचा असो नसो, त्याची प्रत त्याला देता येते.

याचं बोलकं उदाहरण म्हणजे एनडीएम-१ (यातलं 'एनडी' म्हणजे न्यू डेल्ही). कार्बापेनेम ही अगदी शेवटी वापरायची प्रतिजैविकं मोडून टाकणारं विकर बनवणारं हे जनुक. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात २००८ मध्ये ते पहिल्यांदा सापडलं, क्लेब्सिएला न्यूमोनी या जिवाणूत. त्याच रुग्णाच्या विष्ठेतल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक निघालं. दोन वेगळ्या जाती, एक जनुक, एकच शरीर. देवाणघेवाण बहुधा त्या शरीरातच झाली होती. २०११ मध्ये नवी दिल्लीतल्या पाण्याची तपासणी छापून आली, तेव्हा साचलेल्या आणि झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत हे जनुक होतं. नावात दिल्ली आल्यावरून तेव्हा पुष्कळ राग व्यक्त झाला. तो राग मी समजू शकतो. पण पाण्याच्या त्या नमुन्यांवर तितकी चर्चा झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि हे साठे नवे नाहीत. कॅनडातल्या युकॉन प्रदेशातल्या, तीस हजार वर्षं गोठून राहिलेल्या मातीत प्रतिजैविकांना तोंड देणारी जनुकं सापडली आहेत. बुरशी आणि जिवाणू एकमेकांवर ही रसायनं माणसाच्या कितीतरी आधीपासून सोडत आलेत. आपण पेनिसिलिन बाटलीत भरलं तेव्हा त्याचा तोडगा मातीत तयार पडलेला होता. डायक्लोफेनॅकचं तसं नाही. ते प्रयोगशाळेत जन्मलं. गिधाडाच्या पूर्वजांपैकी कोणीही त्याला कधी तोंड दिलेलं नव्हतं.

डॉक्टरला हवं असतं ते नामशेषच

रुग्णाला प्रतिजैविक देतो तेव्हा आपल्याला काय हवं असतं? त्या शरीरातली रोगजंतूंची वस्ती समूळ नाहीशी व्हायला हवी असते. एका शरीरापुरतं, मुद्दाम घडवून आणलेलं नामशेष होणं. गिधाडांच्या बाबतीत जे नकळत 'साधलं', ते डॉक्टरला जाणूनबुजून साधायचं असतं. म्हणून गिधाडांचं प्रकरण उलट बाजूनेही वाचून पाहावं: एखादी वस्ती निसटू न देता संपवायची तर काय लागतं?

क्षयरोगाने हे आपल्याला महागात शिकवलं. ब्रिटनमधल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण आधी झपाट्याने सुधारले, मग बहुतेकांच्या थुंकीत दाद न देणारे जंतू दिसू लागले. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी किंवा त्याहून जास्त जंतू असू शकतात, म्हणजे एका औषधाला चकवणारे काही आधीपासून असणारच. उपाय निघाला तो औषधं एकत्र देण्याचा. क्षयावरच्या आयसोनियाझिडला चकवणारा दहा लाखांत एक आणि रिफाम्पिसिनला चकवणारा दहा कोटींत एक धरला, तर दोन्हींना एकदम चकवणारा शंभर लाख कोटींत एक. तितके जंतू शरीरात मावतच नाहीत. जंतूंची अवस्था गिधाडांसारखी होते: चाळणीत घालायला काही नाही.

आणि गोळ्या मध्येच सोडल्या, किंवा कमी मात्रेत घेतल्या तर? २०१६ मध्ये हार्वर्डमध्ये मायकेल बेम, रॉय किशोनी आणि सहकाऱ्यांनी जिवाणू वाढवण्यासाठी ६० बाय १२० सेंटिमीटरचं प्रचंड ताट बनवलं. कडेला औषध नाही, मग पट्ट्यापट्ट्याने वाढत जाऊन मध्यभागी हजारपट. काळ्या तळावर पांढरे जिवाणू पुढे सरकत येतात, पट्ट्याच्या सीमेवर अडतात, रेषा जणू भिंत असावी तसे तिथे साचतात. मग एका ठिकाणाहून एक कोंब फुटतो आणि पंख्यासारखा पुढच्या पट्ट्यात पसरतो. पुन्हा भिंत, पुन्हा कोंब. दहा-बारा दिवसांत मध्य गाठलेलं असतं. त्यातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच आहे: मधले पट्टे काढून थेट मोठ्या मात्रेची भिंत उभी केली, तर जिवाणूंना ती सहजी ओलांडता येईना. त्यांना पायऱ्या लागतात. गोठ्यातून वाहणारं पाणी, खाद्यात मिसळलेली थोडी थोडी मात्रा, अर्धवट टाकलेला कोर्स, या सगळ्या पायऱ्या आहेत. गिधाडांच्या वाट्याला अशी पायरीच आली नाही. विषारी ढोरावर बसलं की सहसा संपलं.

औषध काढून घेतल्यावर

२००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचं प्रसिद्ध झालं, त्यामुळे गुरांच्या डॉक्टरांच्या हातात पर्याय होता. बंदी काही चोख पाळली गेली नाही. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. शेवटी २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतं मर्यादित केलं गेलं. तरीही मृत जनावरांतलं डायक्लोफेनॅकचं प्रमाण बंदीनंतर दीडेक वर्षातच दहा-अकरा टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर आलं, आणि गिधाडांची घसरण मंदावत जवळपास थांबली. ती प्रतिकारशक्तीने थांबली नाही. विष कमी झाल्याच्या हिशेबाशी ती जुळते.

म्हणजे गिधाडांच्या बाजूला औषध काढून घेतलं की मरण थांबतं. भरून येणं मात्र वर्षाला एका अंड्याच्या चालीने.

जिवाणूंच्या बाजूला नेमकं उलट होऊ शकतं. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सल्फोनामाइड हे जिवाणूंविरुद्धचं औषध लिहून देण्याचं प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांनी उतरलं. लंडनच्या एका रुग्णालयातल्या ई. कोलायमध्ये त्याला दाद न देणारे १९९१ मध्ये ३९.७ टक्के होते. १९९९ मध्ये ते घटायला हवे होते, पण निघाले ४६ टक्के. कारण ते जनुक ज्या प्लाझ्मिडवर बसलेलं, त्यावरच दुसऱ्या औषधांविरुद्धची जनुकं होती. ती औषधं वापरात होती, त्यामुळे हेही सोबत सांभाळलं गेलं. शिवाय प्रतिकाराचं सुरुवातीचं ओझं कमी करणारे बदल जिवाणूंमध्ये मागाहून होतात, मग तो गुण टाकून देण्याचं कारण उरत नाही. नेहमीच असं होतं असंही नाही. फिनलंडमध्ये एरिथ्रोमायसिनसारखी औषधं कमी केल्यावर घशाच्या स्ट्रेप्टोकोकसमधला प्रतिकार १९९२ मधल्या १६.५ टक्क्यांवरून १९९६ पर्यंत ८.६ वर आला होता. म्हणून बंदीला अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं प्रतिजैविक खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यावर बंदी घातली, ती योग्यच होती. फक्त ती गिधाडांच्या बंदीसारखी काम करेल अशी अपेक्षा ठेवू नये. तिचा खरा उपयोग पायऱ्या बांधल्या जाण्याआधी होतो.

२०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट जिवाणूंच्या औषध-प्रतिकारामुळे झाले, असा अंदाज आहे.

गिधाडांच्या बाजूचं एक काम अजून अर्धवट आहे. डायक्लोफेनॅकच्या जागी जी इतर वेदनाशामकं आली, त्यांतलं कीटोप्रोफेन गिधाडांना मारक असल्याचं दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगांनी २००९ मध्येच दाखवलं होतं. भारतात त्यावर आणि असिक्लोफेनॅकवर गुरांसाठी बंदी आली ती २०२३ मध्ये. मधली १४ वर्षं. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात ई. कोलायच्या दिवसाला साडेसहा-पावणेसात पिढ्या होतात. त्या हिशेबाने १४ वर्षांत सुमारे ३४ हजार पिढ्या. गिधाडाच्या एका जोडीने तेवढ्या काळात एकही वर्ष न चुकवता घातलेली अंडी: १४.